पृथ्वीच्या तापमानवाढीचे प्रक्षेप : वाद नेमका कशाचा?

शासकीय कामकाजात अंदाजाशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, शाळेची पुढील वर्षाची पटसंख्या, पाणीटंचाईचा आराखडा, पिकांची पैसेवारी ही सर्व अंदाजाचीच रूपे होत. पैसेवारी प्रथम नजर अंदाजाने जाहीर होते, नंतर ती सुधारली जाते आणि शेवटी अंतिम होते. पहिला आकडा बदलला म्हणून पीक कोणी पाहिलेच नव्हते, असे समंजस मनुष्य म्हणत नाही.

पृथ्वीच्या भावी तापमानवाढीचे आकडे वाचताना मात्र हा समंजसपणा पुष्कळदा सुटतो. शतकाच्या अखेरीस तापमान दीड अंशाने वाढेल, असे एका ठिकाणी वाचावयास मिळते, तर दुसरीकडे साडेचार अंशांचा आकडा झळकतो. शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, तेव्हा हे सारे थोतांड होय, असा निष्कर्ष काही जण काढतात. याउलट सर्वात मोठा आकडा हाच जणू ठरलेला विधिलेख मानून काही जण हताश होतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोहोंचा परिणाम एकच होतो : करावयाचे काम तसेच राहते. गावच्या नाल्यावरील मोरी केवढी असावी, शाळेची वेळ उन्हाळ्यात कोणती ठेवावी, कोणत्या वाणाची शिफारस करावी, अशा साध्या निर्णयांचाही या आकड्यांशी संबंध येऊ लागला आहे. म्हणून हे आकडे कसे तयार होतात आणि त्यांविषयीचा वाद कोठे खरा व कोठे निराधार आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रक्षेप आणि भविष्यकथन

उद्या पाऊस पडेल काय, हे सांगणे म्हणजे पूर्वानुमान. अमुक एक गोष्ट घडत गेली तर त्याचा परिणाम काय होईल, हे सांगणे म्हणजे प्रक्षेप. लोकसंख्येच्या प्रक्षेपात जन्मदर एवढा राहील, मृत्युदर तेवढा राहील, अशी गृहीतके स्पष्टपणे मांडलेली असतात. गृहीतक बदलले की उत्तर बदलते. तापमानवाढीचे प्रक्षेपही याच जातीचे आहेत. जगातील देश कोळसा, खनिज तेल व वायू किती जाळतील, जंगले किती तोडतील वा लावतील, हे कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ निरनिराळी चित्रे कल्पितात. या चित्रांना परिदृश्ये असे म्हणतात.

आयपीसीसी या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०२१ साली आपल्या सहाव्या मूल्यांकन अहवालात अशी पाच परिदृश्ये पुढे ठेवली. १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीशी तुलना करता २०८१ ते २१०० या काळात जागतिक तापमान किती वाढलेले असेल, याचे उत्तर प्रत्येक परिदृश्यात वेगळे आहे. उत्सर्जन अतिशय वेगाने घटविले तर वाढ सुमारे १.४ अंश सेल्सिअस राहील; मध्यम मार्ग धरला तर सुमारे २.७ अंश होईल. आणि उत्सर्जन भरमसाट वाढू दिले तर ती सुमारे ४.४ अंशांवर जाईल. या तीन आकड्यांतील अंतर हा मतभेद नाही. ते मानवी निर्णयांतील अंतर आहे.

खरी शास्त्रीय अनिश्चितता प्रत्येक परिदृश्याच्या आत दडलेली असते. मध्यम परिदृश्यात वाढ २.७ अंश सांगितली असली तरी तिचा संभाव्य पट्टा २.१ ते ३.५ अंश असा दिलेला आहे. उत्सर्जन नेमके किती होणार हे ठरले, तरी पृथ्वी त्याला कितपत प्रतिसाद देईल, याविषयीची ही अनिश्चितता होय. एक अनिश्चितता माणसाच्या वागण्याची आणि दुसरी निसर्गाच्या प्रतिसादाची. वादविवाद ऐकताना यांपैकी कोणतीविषयी बोलणे चालले आहे, हे प्रथम ओळखावे लागते.

मूळ सिद्धांताचे वय

कार्बन डाय-ऑक्साइड वायू उष्णता अडवितो, हा शोध अलीकडचा नाही. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२४ साली वातावरण पृथ्वीची उष्णता राखून ठेवते, असा विचार मांडला. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डाय-ऑक्साइडची नळी अधिक तापते असे दाखविले. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये हा गुणधर्म काटेकोरपणे मोजला. स्वीडनचे स्वान्त आऱ्हेनियस यांनी १८९६ साली या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल, असे गणित हाताने करून काढले. १९३८ साली गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने जगभरच्या तापमापकांच्या नोंदी एकत्र करून वाढ सुरू झाल्याचे दाखविले, तेव्हा तज्ज्ञांनी त्यांच्या म्हणण्यावर फारसा विश्वास ठेवला नाही.

१९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे या वायूची अखंड मोजणी सुरू केली. त्या वेळी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डाय-ऑक्साइड होता. औद्योगिक युगापूर्वी तो सुमारे २८० भाग होता आणि २०२४ साली मौना लोआ येथील वार्षिक सरासरी ४२४ भागांवर गेली. या आकड्यांविषयी जाणकारांत वाद नाही.

तीन अंशांचा प्रश्न

वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला आणि पृथ्वीला नव्या समतोलास पोचण्यास पुरेसा वेळ मिळाला, तर तापमान किती वाढेल? या संख्येस हवामान-संवेदनशीलता असे म्हणतात. केवळ या वायूचाच विचार केला तर वाढ सुमारे १.२ अंश येते. परंतु हवा तापली की ती अधिक बाष्प धरते. दर अंशास सुमारे ७ टक्के अधिक. बाष्प स्वतःच उष्णता अडविते, त्यामुळे मूळ वाढीत भर पडते. बर्फ वितळले की खालची काळसर जमीन वा समुद्र अधिक ऊन शोषून घेतो. ढगांचा हिशेब सर्वांत अवघड. खालच्या थरातील ढग ऊन परतवितात, तर उंचावरील पातळ ढग उष्णता राखतात. तापलेल्या पृथ्वीवर कोणते ढग किती कमी-अधिक होतील, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

जपानमध्ये जन्मलेले स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदराल्ड यांच्यासह १९६७ साली संगणकाच्या साहाय्याने हे उत्तर सुमारे २.३ अंश काढले. याच क्षेत्रातील कार्याबद्दल मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७९ साली ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी समितीने १.५ ते ४.५ अंश असा पट्टा सांगितला. त्यानंतर संगणक कित्येक पटींनी शक्तिमान झाले, उपग्रह आले. तरी २०१३ च्या आयपीसीसी अहवालातही पट्टा १.५ ते ४.५ अंश हाच राहिला. टीकाकारांनी यावर बोट ठेवले आणि ते अगदीच गैर नव्हते.

२०२१ च्या अहवालात हा पट्टा प्रथमच ठळकपणे अरुंद झाला. संभाव्य पट्टा २.५ ते ४ अंश आणि सर्वोत्तम अंदाज ३ अंश असे ठरले. यासाठी केवळ संगणकी प्रतिमानांवर भिस्त ठेवली गेली नाही. हिमयुगांतील व इतर प्राचीन काळांतील हवामानाचे पुरावे, १८५० नंतरच्या प्रत्यक्ष नोंदी आणि ढगांची उपग्रहांद्वारे झालेली पाहणी, या स्वतंत्र वाटांनी आलेली उत्तरे एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. एकाच जमिनीची मोजणी तीन मोजणीदारांनी स्वतंत्रपणे करावी आणि हद्दी जुळाव्यात, तसा हा प्रकार होय.

१९८८ ची साक्ष

जुने प्रक्षेप प्रत्यक्षात कसे उतरले, हे पाहण्याजोगे आहे. २३ जून १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी तेथील सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात अ, ब, क अशी तीन परिदृश्ये होती. ‘अ’मध्ये वायूंचे उत्सर्जन झपाट्याने वाढत जाते, ‘ब’मध्ये वाढ मंदावते आणि ‘क’मध्ये २००० सालापर्यंत कडक नियंत्रण येते. यांपैकी ‘ब’ अधिक संभवनीय होय, असे हॅन्सन यांचे मत होते.

दहा वर्षांनी, १९९८ साली, पॅट्रिक मायकेल्स या हवामानशास्त्रज्ञांनी अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना केवळ ‘अ’ची रेषा दाखविली व हॅन्सन यांचा अंदाज साफ फसल्याचे सांगितले. ‘ब’ आणि ‘क’ या रेषा त्या आलेखात नव्हत्या. प्रक्षेपातील गृहीतक झाकले की खरा आकडाही कसा दिशाभूल करतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

तथापि हॅन्सन यांचे गणित बिनचूक ठरले, असेही म्हणता येत नाही. प्रत्यक्ष वाढ ‘ब’पेक्षाही कमी झाली. याची कारणे दोन. ओझोन थराच्या रक्षणार्थ १९८७ साली झालेल्या माँट्रिअल करारामुळे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचे उत्पादन आवरले गेले आणि मिथेनची वाढही अपेक्षेपेक्षा मंद राहिली. त्यामुळे वातावरणावरील एकूण भार ‘ब’मध्ये धरला त्याहून कमी पडला. दुसरे असे की, हॅन्सन यांच्या प्रतिमानाची संवेदनशीलता ४.२ अंश, म्हणजे आजच्या सर्वोत्तम अंदाजाहून अधिक होती. आयपीसीसीच्या १९९० च्या पहिल्या अहवालातही, उत्सर्जन अनिर्बंध राहिल्यास दर दशकास सुमारे ०.३ अंश वाढ सांगितली होती. प्रत्यक्षात ती सुमारे ०.२ अंश झाली. तीही त्या अहवालाने दिलेल्या ०.२ ते ०.५ अंशांच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी येते.

झीक हाउसफादर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या प्रतिमानांच्या १७ प्रक्षेपांची प्रत्यक्ष नोंदींशी तुलना करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. १७ पैकी १० प्रक्षेप नोंदींशी सुसंगत आढळले. वायूंचे प्रत्यक्ष प्रमाण हिशेबात घेतल्यावर ही संख्या १४ झाली. याचा अर्थ स्पष्ट आहे : चुकलेला भाग पुष्कळ अंशी माणूस किती इंधन जाळील याचा होता; पृथ्वी त्याला कसा प्रतिसाद देईल, याचे गणित बरेचसे बरोबर होते.

आजच्या वादाचे मुद्दे

आज तज्ज्ञांत जे वाद चालू आहेत, त्यांपैकी तीन विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला वाद सर्वाधिक उत्सर्जनाच्या परिदृश्याविषयी आहे. त्यात कोळशाचा वापर शतकभरात अनेक पटींनी वाढेल असे धरले आहे. सौर व पवन ऊर्जा स्वस्त झाल्यावर हे चित्र फारसे संभवनीय राहिलेले नाही. तेव्हा ‘नेहमीप्रमाणे चालू राहिले तर’ असे म्हणून ते वापरू नये, असे २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हाउसफादर व ग्लेन पीटर्स यांनी प्रतिपादिले. त्यावर अन्य संशोधकांचे उत्तर असे की, आजवरच्या एकूण उत्सर्जनाशी ते परिदृश्य चांगले जुळते आणि गोठलेल्या भूमीतून सुटणारे वायू पुढे भर घालू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार, अमलात असलेल्या धोरणांनी जग शतकाअखेर सुमारे २.८ अंशांच्या वाढीकडे जात आहे. ४.४ अंशांची भीती त्यामुळे मागे पडते, परंतु पॅरिस करारातील उद्दिष्टही हाती येत नाही.

दुसरा वाद ‘तप्त’ प्रतिमानांचा आहे. नव्या पिढीतील काही प्रतिमाने ५ अंशांहून अधिक संवेदनशीलता दाखवू लागली. आयपीसीसीने सर्व प्रतिमानांची सरसकट सरासरी न काढता अन्य पुराव्यांशी पडताळून पट्टा ठरविला, हे त्यावरील उत्तर.

तिसरा वाद वेगाचा आहे. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ साली सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. तोपर्यंतच्या नोंदींत ते सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणण्यात आली. गंधकाचे सूक्ष्म कण ऊन परतवीत असत, ते कमी झाले. यामुळे वाढ अपेक्षेहून वेगवान झाली आहे, असे हॅन्सन म्हणतात. तर मायकेल मान यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या मते ही वाढ प्रतिमानांच्या पट्ट्यातच बसते. तापमान वाढत आहे आणि ते मानवी कृतीमुळे वाढत आहे, याबद्दल या दोघांत मतभेद नाही.

याच संदर्भात एका चुकीचाही उल्लेख करावयास हवा. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव आहे, असे विधान आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात आले होते. भारतीय भूवैज्ञानिकांनी त्यास आक्षेप घेतला. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने हे विधान पुरेशा पुराव्यावर आधारलेले नव्हते, असे मान्य केले. हिमनद्या घटत आहेत हे खरे. पण ती तारीख खोटी होती. चूक दाखवून देणारा आणि ती मान्य करणारा, दोघांनीही शास्त्राची बूज राखली.

पुण्यातील कार्य आणि भारताचे आकडे

या जागतिक अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९६२ साली पुणे येथे स्थापन झालेल्या व आता भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने भारताचे पहिले पृथ्वी-प्रणाली प्रतिमान विकसित केले असून, आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठी झालेल्या जागतिक तुलनेत ते समाविष्ट होते. या संस्थेच्या पुढाकाराने केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा भारतीय प्रदेशाच्या हवामान बदलाविषयीचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचे त्यात नमूद आहे.

याच अहवालात शतकाअखेर देशाचे तापमान सुमारे ४.४ अंशांनी वाढेल, असा आकडा आहे. वर उल्लेखिलेला जागतिक आकडाही ४.४ हाच. परंतु दोहोंत गल्लत करता कामा नये. भारताचा आकडा १९७६ ते २००५ या अलीकडच्या काळाच्या तुलनेत आहे, जागतिक आकडा १८५० ते १९०० च्या तुलनेत. साम्य एवढेच की, दोन्ही सर्वाधिक उत्सर्जनाच्या गृहीतकावर आधारलेले आहेत. वर्गात किंवा ग्रामसभेत हा आकडा सांगताना हे गृहीतकही सांगितले पाहिजे.

पावसाचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला व ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष जाणवली. प्रक्षेप मात्र शतकाअखेर मोसमी पाऊस वाढेल असे सांगतात. ही विसंगती वाटते. पण तिचा उलगडा हवेतील धूर व सूक्ष्म कणांत आहे. या कणांनी ऊन अडवून पाऊस कमी केला आणि उष्ण हवेमुळे येणारी वाढ झाकोळली, असे अहवाल दर्शवितो. मध्य भारतात दिवसाकाठी १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, हे तर नोंदलेले वास्तव आहे. प्रदेश जितका लहान घ्यावा, तितका प्रक्षेप अधिक सैल होतो. एखाद्या तालुक्यात २०८० साली नेमका किती पाऊस पडेल, हे कोणतेही प्रतिमान खात्रीने सांगू शकत नाही.

नियोजनात उपयोग

आकडा सैल असेल तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर पाटबंधाऱ्याच्या कामात पूर्वीपासून आहे. धरणाचा सांडवा सरासरी पावसाच्या हिशेबाने बांधीत नाहीत. क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हिशेबाने बांधतात. तो पूर कोणत्या वर्षी येईल, हे अभियंत्यास ठाऊक नसते. तरी सांडवा रुंद ठेवावा लागतो. तापमानवाढीच्या पट्ट्याचे वरचे टोकही याच दृष्टीने पाहावयाचे असते. ते घडेलच असे नाही. पण घडल्यास हानी भरून न येणारी असेल, म्हणून त्याची तरतूद करावी लागते.

शिवाय २०४० पर्यंतच्या काळात पाचही परिदृश्यांतील जागतिक वाढ जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे दीड अंशाच्या आसपास आहे. उत्सर्जन कमी करण्याचे फळ मुख्यतः त्यानंतर दिसेल. याचा व्यवहारातील अर्थ असा की, उत्सर्जन घटविण्याचा निर्णय नातवंडांसाठी आहे, आणि उष्णतेशी व पावसाच्या लहरीशी जुळवून घेण्याचे काम आजच्या पिढीसाठी आहे. दोहोंपैकी एक केले म्हणून दुसरे टळत नाही. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले, तो पहिल्या प्रकारचा निर्णय होय. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील अवर्षणप्रवण गावांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविण्यात आलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे दुसऱ्या प्रकारच्या कामाचे उदाहरण आहे. शेततळे, ठिबक सिंचन, कमी पाण्यावर तग धरणारी वाणे ही कामे तापमान दोन अंशांनी वाढो की तीन अंशांनी, उपयोगीच पडणारी आहेत.

तापमानवाढीचा कोणताही आकडा समोर आला म्हणजे तीन गोष्टी विचाराव्यात. हा आकडा कोणत्या उत्सर्जनाच्या गृहीतकावर आधारलेला आहे? तो कोणत्या काळाच्या तुलनेत व कोणत्या प्रदेशासाठी आहे? आणि त्याचा खालचा व वरचा पट्टा कोणता? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांना विचारावयास शिकवावे, अधिकाऱ्यांनी टिप्पणी लिहिताना आकड्याशेजारी त्यांची उत्तरे नोंदवावीत आणि पंचायतीच्या सभासदांनी आराखडा मंजूर करण्यापूर्वी ती मागून घ्यावीत. असे झाले म्हणजे आकड्यांची धास्तीही वाटणार नाही आणि त्यांची हेळसांडही होणार नाही.